जुने लाकूड, नवे कुंपण : पुनर्वापराचे अर्थशास्त्र

शेतीतील भांडवलाचा विचार करताना विहीर, पंप, बैलजोडी, ट्रॅक्टर यांचा उल्लेख होतो. कुंपणाचा मात्र क्वचितच होतो. वास्तविक मोकाट गुरे, रानडुकरे आणि नीलगायी यांच्यापासून उभ्या पिकाचे रक्षण करणारे कुंपण ही शेतकऱ्याची महत्त्वाची स्थिर मालमत्ता आहे. कुंपणाला खांब लागतात आणि खांबाचा पाय सतत ओलसर मातीत असतो. साधे लाकूड वाळवी व बुरशी यांना तेथे लवकर बळी पडते. म्हणूनच एकदा वापरून झालेले, परंतु रासायनिक प्रक्रियेमुळे टिकून राहिलेले लाकूड कुंपणासाठी पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली. भारतात या लाकडाचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे रेल्वेमार्गातून काढलेले लाकडी स्लीपर होत.

वरकरणी हा पुनर्वापराचा आदर्श नमुना वाटतो. नवे झाड तोडावे लागत नाही, टाकाऊ वस्तूला किंमत येते आणि शेतकऱ्याचा खर्च वाचतो. परंतु ज्या रसायनामुळे हे लाकूड दुसऱ्यांदा उपयोगी पडते, तेच रसायन त्याच्या अखेरच्या विल्हेवाटीचा प्रश्न निर्माण करते. असा खांब विकत घेणारा एका मालमत्तेबरोबर एक दायित्वही विकत घेतो. हे दायित्व किती आहे, ते कोणी सोसावे आणि बाजारभावात त्याचे प्रतिबिंब पडते काय, हे या विषयातील मूलभूत आर्थिक प्रश्न आहेत.

रेल्वे, जंगल आणि स्लीपर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतरच्या काही दशकांत रेल्वेचे जाळे वेगाने पसरले आणि रुळांखाली आडव्या टाकावयाच्या लाकडी स्लीपरची मागणी त्याच गतीने वाढली. रुळांमधील अंतर कायम राखणे आणि गाडीचा भार खडीवर पसरविणे हे स्लीपरचे कार्य. त्यासाठी साग, साल व देवदार या वृक्षांची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. १८६४ मध्ये वनविभागाची स्थापना होऊन डिट्रिच ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. या दोन्ही घटनांमागे रेल्वेला लाकडाचा अखंड पुरवठा व्हावा ही निकड प्रामुख्याने होती.

नैसर्गिकरीत्या टिकाऊ असलेल्या जाती अपुऱ्या पडू लागल्यावर चीड, देवदार, फर अशा मऊ लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून ते वापरण्याचा मार्ग रेल्वेने स्वीकारला. पंजाबातील ढिलवाँ, आसामातील नाहरकटिया, उत्तर प्रदेशात बरेलीजवळील क्लटरबकगंज आणि केरळमधील ओलवक्कोड येथे अशा प्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. यावरून एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. जुना स्लीपर म्हणजे रसायनात मुरलेलाच असे नाही. साग वा साल यांचे स्लीपर प्रक्रियेविनाही वापरले जात. त्यामुळे जुन्या लाकडाच्या एकाच ढिगात दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात.

स्वातंत्र्योत्तर काळात ओतीव लोखंड व पोलाद यांचे आणि पुढे पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे स्लीपर आले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेकडून लाकडाचा वापर, त्याचे स्रोत आणि पर्यायांसाठी योजलेले उपाय यांची माहिती मागविली. १९९२ पासून राबविण्यात आलेल्या एकमापी रेल्वे प्रकल्पामुळे मीटरमापी मार्ग रुंदमापी होत गेले व त्यांचे साहित्य मोकळे झाले. मुख्य मार्गांवर लाकडी स्लीपर आता जवळपास उरलेले नाहीत. मार्गातून निघालेले लाकूड मात्र लिलावांतून शेतांची कुंपणे, बागांच्या कडा, पर्यटन निवासांची सजावट आणि फर्निचर यांच्याकडे वळले.

मापांच्या दृष्टीने ही वस्तू कुंपणाला सोयीची आहे. मीटरमापी स्लीपर साधारणतः १८० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद व ११.५ सेंटीमीटर जाड असतो. त्याचा ६० सेंटीमीटर भाग जमिनीत पुरला, तर १२० सेंटीमीटर उंचीचा भक्कम खांब न कापता मिळतो. रुंदमापी स्लीपर २७५ सेंटीमीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद व १३ सेंटीमीटर जाड असतो. तो सालाचा असल्यास ७० ते ८० किलोग्रॅम भरतो आणि खांबासाठी बहुधा कापावा लागतो.

परिरक्षणाची दोन तंत्रे

लाकूड कुजते ते केवळ पाण्यामुळे नव्हे. बुरशीला लाकडातील अन्न, ओलावा, प्राणवायू आणि अनुकूल तापमान या चारही गोष्टी लागतात. जमिनीत खोलवर प्राणवायू कमी असतो व हवेत वर ओलावा कमी असतो. म्हणून खांब प्रथम जमिनीच्या पातळीलगत कुजतो. परिरक्षक द्रव्य बुरशी व कीटक यांच्या दृष्टीने लाकडातील अन्नच विषारी करून टाकते.

पहिले तंत्र क्रिओसोटचे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे हे काळसर, उग्र वासाचे तेल बंद टाकीत दाब देऊन लाकडात मुरविण्याचे एकस्व जॉन बेथेल यांनी इंग्लंडमध्ये १८३८ मध्ये घेतले. रेल्वेच्या विस्ताराबरोबर ही पद्धत जगभर पसरली. दुसरे तंत्र भारतीय आहे. देहरादून येथील वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. ते पुढे 'ॲस्क्यू' व 'सीसीए' या नावांनी ओळखले गेले. यातील तांबे बुरशीला रोखते. आर्सेनिक कीटकांना आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीला रोखते. तर क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते, जेणेकरून पावसाने ते धुऊन जाऊ नयेत. विजेचे खांब, मळ्यांची कुंपणे व घराबाहेरील लाकडी सज्जे यांसाठी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत या मिश्रणाचा प्रचंड वापर झाला. देहरादूनच्या प्रयोगशाळेतील एक शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काष्ठ-परिरक्षकांपैकी एक ठरला, हे विज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

दोन्ही तंत्रांची एक समान मर्यादा आहे. द्रव्य सालीलगतच्या फिकट लाकडात चांगले मुरते. गाभ्यात ते फारसे शिरत नाही. त्यामुळे जुना खांब मधोमध कापला की संरक्षण नसलेला गाभा उघडा पडतो. पुनर्वापरातील अनेक खांब अपेक्षेपेक्षा लवकर कुजतात, त्याचे हे प्रमुख कारण होय.

खर्चाचे गणित

आता शेतकऱ्याच्या निर्णयाकडे वळू. समजण्याच्या सोयीसाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. प्रक्रिया न केलेला स्थानिक खांब १५० रुपयांना, जुना प्रक्रिया केलेला खांब ३५० रुपयांना आणि नवा प्रक्रिया केलेला खांब ७०० रुपयांना मिळतो असे समजू. प्रत्येक खांब रोवण्याची मजुरी ५० रुपये धरू. त्यांचे आयुष्य अनुक्रमे ३, १० व २५ वर्षे मानू.

एकूण खर्चाला वर्षांनी भागल्यास प्रतिवर्ष खर्च अनुक्रमे सुमारे ६७, ४० व ३० रुपये येतो. या हिशेबाने नवा खांब सर्वांत स्वस्त ठरतो. परंतु हा हिशेब अपुरा आहे, कारण त्यात व्याज धरलेले नाही. आज गुंतविलेल्या पैशाची किंमत आणि पंचवीस वर्षांत मिळणाऱ्या सेवेची किंमत यांची सांगड व्याजदर घालतो. प्रतिवर्षी १० टक्के व्याज धरून समान वार्षिक खर्च काढल्यास तो अनुक्रमे सुमारे ८०, ६५ व ८३ रुपये होतो. आता जुना प्रक्रिया केलेला खांब सर्वांत स्वस्त ठरतो आणि नवा खांब सर्वांत महाग. हेच गणित खासगी सावकाराच्या २४ टक्के दराने मांडले, तर आकडे सुमारे १०१, १०९ व १८१ रुपये असे येतात. म्हणजे महाग कर्ज घेणाऱ्याला दर तीन वर्षांनी कुजणारा साधा खांबच सर्वांत परवडणारा असतो.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, टिकाऊ वस्तूची निवड केवळ तिच्या किमतीवर किंवा आयुष्यावर अवलंबून नसते. भांडवल किती दराने उपलब्ध होते, यावर ती अवलंबून असते. गरीब शेतकरी अल्पजीवी वस्तू घेतो, त्याला अदूरदर्शी म्हणणे चुकीचे आहे. त्याच्यापुढील व्याजदर पाहता त्याचा निर्णय तर्कसंगतच असतो. दुसरा निष्कर्ष असा की, तीन-तीन वर्षांनी बदलावे लागणारे हे खांब आसपासच्या झाडोऱ्यातून येतात. ग्रामीण पतपुरवठ्यातील उणिवेचा भार अशा रीतीने वृक्षसंपत्तीवर पडतो.

जो खर्च हिशेबात येत नाही

वरील गणितात एक घटक गाळलेला आहे. दहा वर्षांनंतर मोडलेल्या खांबाचे काय होते? ग्रामीण घरात लाकडाचा तुकडा सहसा वाया जात नाही. तो चुलीत जातो. प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या बाबतीत हाच सर्वांत मोठा धोका आहे.

सीसीए लाकूड जाळल्यास आर्सेनिकचा काही अंश धुरातून बाहेर पडतो आणि उर्वरित आर्सेनिक, क्रोमियम व तांबे राखेत एकवटतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागातील एका कुटुंबाचे प्रकरण १९८४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. घर उबदार ठेवण्यासाठी ते कुटुंब शेगडीत अशा लाकडाचे तुकडे जाळत असे. कुटुंबीयांना त्वचेचे व श्वसनाचे विकार, केस गळणे अशा तक्रारी वारंवार होत व हिवाळ्यात त्या वाढत. कारण कळेपर्यंत काही वर्षे लोटली होती. आपल्याकडे चुलीची राख भांडी घासण्यासाठी, धान्यात मिसळण्यासाठी व परसातील भाज्यांना घालण्यासाठी वापरली जाते, हे लक्षात घेता या प्रकरणाचे गांभीर्य अधिक जाणवते.

क्रिओसोटमध्ये बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन नावाची संयुगे असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटचा समावेश 'मानवात बहुधा कर्ककारक' या गटात, तर आर्सेनिक व षट्संयुजी क्रोमियम यांचा समावेश 'मानवात कर्ककारक' या गटात केला आहे. मात्र धोका सर्व अवस्थांत सारखा नसतो. शेताच्या बांधावर उभा असलेला खांब पावसात थोडे द्रव्य सोडतो व त्याचे प्रमाण खांबालगतच्या काही सेंटीमीटर मातीत सर्वाधिक असते. कापताना उडणारा भुसा, हाताळताना त्वचेचा होणारा संपर्क आणि अखेरीस होणारे ज्वलन या अवस्था त्याहून कितीतरी अधिक घातक असतात.

येथे अर्थशास्त्रातील बाह्य परिणामांची संकल्पना लागू होते. एखाद्या व्यवहाराचा खर्च त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या व्यक्तीवर पडतो, तेव्हा त्यास ऋण बाह्य परिणाम असे म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. जुन्या स्लीपरच्या विक्रेत्याला त्याचे पैसे मिळतात, घेणाऱ्याला कुंपण मिळते. परंतु आरा गिरणीत मुखपट्टीविना काम करणारा मजूर आणि दहा वर्षांनंतर त्या खांबाचे तुकडे चुलीत घालणारी गृहिणी यांच्या आरोग्याची किंमत त्या भावात कोठेही धरलेली नसते.

बाजारातील माहितीची विषमता

दुसरी अडचण माहितीची आहे. काळा रंग व उग्र वास यांवरून क्रिओसोट ओळखता येते; पण अनेक वर्षे उन्हापावसात राहिलेल्या लाकडाचा वास मंदावतो. सीसीए लाकूड सुरुवातीला हिरवट असते. जुने झाले की तेही इतर लाकडासारखे करडे दिसते. तांब्याशी संयोग पावून रंग बदलणारे निर्देशक उपलब्ध आहेत. मात्र आर्सेनिक नसलेल्या नव्या परिरक्षकांतही तांबे असते; त्यामुळे या चाचणीने आर्सेनिकचे अस्तित्व निश्चित होत नाही. नुसत्या नजरेने केलेल्या पारखीचा येथे भरवसा धरता येत नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचे विश्लेषण केले. २००१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. विक्रेत्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात व ग्राहकाला नसतात, तेव्हा ग्राहक सर्वच वस्तूंना सरासरी भाव देतो आणि चांगल्या वस्तू बाजारातून मागे हटतात. जुन्या लाकडाच्या बाजारात याची आणखी एक पायरी दिसते. लाकूड लिलावातून व्यापाऱ्याकडे, तेथून आरा गिरणीकडे व पुढे ग्राहकाकडे जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या पूर्वेतिहासाची माहिती कमी होत जाते. त्यामुळे बांधावर चालून गेला असता असा क्रिओसोटचा तुकडा दिवाणखान्यातील मेज होऊन बसतो आणि सालाचे निर्धोक लाकूड बांधावर कुजत राहते.

जगातील अनुभव

अमेरिकेत उत्पादकांनी पर्यावरण संरक्षण संस्थेशी केलेल्या समझोत्यानुसार ३१ डिसेंबर २००३ नंतर बहुतेक निवासी उपयोगांसाठी सीसीएची प्रक्रिया थांबविण्यात आली. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाद्वारे ३० जून २००४ पासून आर्सेनिकयुक्त लाकडावर व्यापक निर्बंध घातले. अमेरिकेने आधीच उभी असलेली बांधकामे पाडण्याचा आदेश दिला नाही. शेतीची कुंपणे व खांब यांसारखे काही उपयोगही चालू राहिले. ज्या उपयोगात मानवी संपर्क कमी, तेथे मुभा आणि ज्या उपयोगात मुलांचा स्पर्श वारंवार होतो, तेथे मनाई, असे या धोरणाचे सूत्र होते.

क्रिओसोटबाबत युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात हेच तत्त्व दिसते. जुन्या क्रिओसोटयुक्त लाकडाच्या फेरविक्रीस त्यात वाव होता. परंतु घरात, खेळण्यांत, क्रीडांगणावर, त्वचेशी वारंवार संपर्क येणाऱ्या उद्यानांत, बागेतील आसनांसाठी आणि अन्नाशी संपर्क येईल अशा ठिकाणी ते वापरण्यास मनाई होती. पुढील काळात ही बंधने आणखी कडक होत गेली. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्यामधील हा उपयोगनिहाय नियमनाचा मार्ग विकसनशील देशांनाही मार्गदर्शक आहे.

कुंपण उभारताना

उपलब्ध ज्ञानाच्या आधारे काही व्यावहारिक नियम सांगता येतात. सर्वप्रथम लाकडाची परीक्षा करावी. टोच्याने टोचल्यास मऊ लागणारा किंवा हातोडीने ठोकल्यास पोकळ वाजणारा तुकडा खांबासाठी घेऊ नये. जुने खिळे व लोखंडी तुकडे काढून टाकावेत. खांब शक्यतो न कापता पूर्ण लांबीने वापरावा. कापणे अटळ असल्यास मूळ प्रक्रिया शाबूत असलेले टोक जमिनीत व कापलेले टोक वर ठेवावे. कापलेल्या भागाला परिरक्षक लावावे आणि पाणी साचू नये म्हणून माथ्याला उतार द्यावा किंवा पत्र्याची टोपी बसवावी. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकल्यास पाण्याचा निचरा होतो व पायथा अधिक काळ टिकतो.

कापण्याचे काम उघड्यावर करावे. मुखपट्टी, चष्मा व हातमोजे वापरावेत. क्रिओसोट लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास दाह होतो, म्हणून अंगभर कपडे घालावेत व ते वेगळे धुवावेत. भुसा ताडपत्रीवर गोळा करावा. तो गोठ्यात अंथरू नये, कंपोस्ट खड्ड्यात टाकू नये किंवा चुलीत घालू नये. असे खांब पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ, गव्हाणीसाठी, झोपाळ्यासाठी किंवा भाजीच्या वाफ्याच्या कडेला वापरू नयेत. मुळा, गाजर, बटाटा यांसारखी जमिनीत वाढणारी पिके खांबाला खेटून घेऊ नयेत.

जेथे हे नियम पाळणे शक्य नाही, तेथे अन्य पर्याय निवडणे श्रेयस्कर ठरते. सिमेंटचे खांब, जेथे दगड विपुल आहे तेथे दगडी खांब, तसेच सजीव कुंपण हे त्यांपैकी होत. २०१७ मधील दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला आणि त्याची तोड व वाहतूक सुलभ झाली. मात्र बांबूसाठी प्रचलित असलेली बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया पावसाने धुऊन जाते. म्हणून जमिनीत पुरावयाच्या खांबासाठी ती पुरेशी नाही.

अनामत : एक संभाव्य उपाय

विल्हेवाटीचा खर्च कोणी सोसावा? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बिछडी व वेल्लोर प्रकरणांत 'प्रदूषकाने किंमत मोजावी' हे तत्त्व मान्य केले. वेल्लोर प्रकरणात त्याला सावधगिरीच्या तत्त्वाचीही जोड मिळाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या विसाव्या कलमानुसार शाश्वत विकासाबरोबर ही दोन्ही तत्त्वे लागू करणे न्यायाधिकरणावर बंधनकारक आहे. तत्त्व स्पष्ट आहे. अडचण अंमलबजावणीची आहे.

घातक कचऱ्यासाठीची सुरक्षित स्थळे थोडी व दूर असतात. महाराष्ट्रात ती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक परिसरांत आहेत. गडचिरोलीचा शेतकरी मोडके बारा खांब घेऊन बुटीबोरीला जाईल, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. त्याच्या दृष्टीने चूल जवळ आहे आणि फुकट आहे. केवळ मनाईने ही परिस्थिती बदलणार नाही. खांब परत करणे त्याच्या हिताचे ठरले पाहिजे.

यासाठी अनामत-परतावा पद्धतीचा विचार व्हावा. आपल्याच उदाहरणात एका खांबाचे संकलन व सुरक्षित विल्हेवाट यांसाठी दहा वर्षांनंतर १०० रुपये लागतील असे समजू. १० टक्के दराने त्या रकमेचे आजचे मूल्य सुमारे ३९ रुपये होते. ही रक्कम पहिल्या विक्रीच्या वेळीच वेगळ्या निधीत जमा केली, तर दहा वर्षांनी १०० रुपये उपलब्ध होतील आणि त्यातील काही भाग खांब परत आणणाऱ्यास देता येईल. हा भार संपूर्णपणे शेतकऱ्यावर पडला असे मानले, तरी जुन्या खांबाचा समान वार्षिक खर्च ६५ वरून सुमारे ७१ रुपयांवर जातो. साध्या खांबाच्या ८० रुपयांपेक्षा तो तरीही कमीच राहतो. याचा अर्थ, पर्यावरणाची किंमत प्रामाणिकपणे मोजली तरी योग्य ठिकाणी केलेला पुनर्वापर किफायतशीर ठरू शकतो.

चारही बाजू समान असलेल्या एक हेक्टर शेताची परिमिती ४०० मीटर होते. अडीच मीटरवर एक या हिशेबाने १६० खांब लागतात व अनामतीची एकूण रक्कम ६,२४० रुपये होते. लहान शेतकऱ्यासाठी ती किरकोळ नाही. २४ टक्के व्याज भरणाऱ्याच्या बाबतीत अशी भर पडल्यास तो जुन्या खांबाकडून आणखी दूर, साध्या कुजणाऱ्या खांबाकडे वळेल. म्हणून अनामत मूळ विक्रेत्याकडून, लिलावाच्या रकमेतूनच वळती करणे आणि कुंपणासाठी माफक दराने संस्थात्मक कर्ज उपलब्ध करणे, या दोन उपायांची जोड आवश्यक आहे. प्लास्टिक आवेष्टने, विजेऱ्या व इलेक्ट्रॉनिक कचरा यांबाबत देशात लागू झालेले उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व परिरक्षित लाकडालाही लावता येईल. त्याबरोबर प्रत्येक तुकड्यावर प्रक्रियेचा प्रकार दर्शविणारी टिकाऊ खूण आणि लिलावाच्या अटींतच अनुज्ञेय उपयोगांची यादी असल्यास माहितीची विषमता बऱ्याच अंशी दूर होईल.

समारोप

चक्राकार अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करताना पुनर्वापर ही निरपवाद चांगली गोष्ट मानली जाते. परिरक्षित लाकडाचे उदाहरण या गृहीतकाला मर्यादा घालते. वस्तूचे आयुष्य वाढविण्याबरोबरच तिच्या अंताची तरतूद करणे, तिच्यातील घातक द्रव्यांची माहिती तिच्यासोबत पुढे नेणे आणि दुसऱ्या वापरासाठी योग्य जागा निवडणे, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच चक्र पूर्ण होते. अन्यथा श्रीमंत यंत्रणेने वापरून टाकलेला धोका स्वस्त वस्तूच्या रूपाने गरिबाच्या दारी पोहोचतो आणि त्यालाच आपण पुनर्वापर असे नाव देतो. आज देशात जागोजागी उभ्या असलेल्या जुन्या खांबांचे आयुष्य येत्या काही वर्षांत संपुष्टात येईल. ते चुलीत जाण्यापूर्वी गावपातळीवर त्यांची नोंद व संकलन व्हावे, ही या विषयातील सर्वांत निकडीची गरज आहे.